पाच किलोतले आबा

"ताई, तीन दिवसांच्या ट्रेकला किती लिटरची बॅग घेऊ?" असं कुणी विचारलं की मला पटकन उत्तर देता येत नाही. उत्तर येत नाही असं नव्हे. पण तोंड उघडायच्या आत आबा मधे येतात. ते म्हणायचे, "आदी सामान आण. पिशवी सगळ्यात शेवटी घ्यायची. पायताण घेऊन मग त्याच्या मापाचा पाय हुडकायला जातो का आपण?" म्हणून मीही गिऱ्हाइकाला सांगते, सामान घेऊन या. गिऱ्हाइकाला राग येतो. दहातलं एखादं परत येतं. उरलेल्या नऊ जणांची काळजी मला दिवसभर पुरते. कुठली बॅग घेतली असेल, कुठे खांदे धरले असतील, असं सारखं चालू राहतं डोक्यात.

काळजीचा हा रोग जुना आहे. आठवीनंतर माझी शाळा सुटली. हिंगोलीकडून लग्न होऊन कामशेतला आले, तेव्हा इथलं बोलणंही अर्धं कळायचं नाही. नवरा तळेगावच्या कंपनीत, पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाळा भाड्यानं घेऊन मी साड्यांना पिको-फॉल करत होते. साडीचा फॉल एक दोऱ्यानं सुटला तर कुणाचा जीव जात नाही, तरी मी प्रत्येक साडी दोनदा तपासायची. अशा बाईच्या दुकानात एक दिवस आबा आले, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग घेऊन.

"हिच्यातलं निम्मं कापून टाक," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मी साड्यांचं काम करते, आबा."

"मग काय झालं? कापडच हाय न्हवं?"

त्यांनी खिशातून ताणकाटा काढला, दाराच्या कडीला अडकवला आणि बॅग त्याला टांगली. रिकामी बॅग, अडीच किलो भरली. त्यांच्या मुलाला, दत्ताला, ती कुणा ट्रेकरनं देऊन टाकली होती. दत्ताचा पिकअप टेम्पो आहे, भाडी मारतो. फुकट मिळाली म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं बापाला आणली. आबा त्या काट्याकडे बघत म्हणाले, "रिकामीच अडीच. म्हंजे निम्मा आबा हितंच संपला."

आबांना पाचच किलो उचलायची मुभा होती. त्या पाच किलोंची गोष्ट अशी. आदल्या पावसाळ्यात आबांच्या हृदयात स्टेंट टाकला होता. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही. आबा म्हणाले, किती किलो ते सांगा. डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. आबा खुर्चीतून उठेचनात. बाहेर रांग लागलेली. शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, फार तर पाच, आणि सावकाश. आबांनी तो आकडा असा धरला, जसा रेल्वेतला माणूस हिरवा झेंडा धरतो.

कारण दिवाळीनंतर त्यांना बहिणीकडे जायचं होतं. ठकूबाई, भीमाशंकरच्या डोंगरापलीकडे दिलेली. आबांच्या घरात अशी रीत, की नवा इंद्रायणी तांदूळ भरडून आला की पहिल्यांदा बहिणीकडे जायचा, तोवर घरात नवा भात शिजायचा नाही. आणि तो तांदूळ आबा चालत नेत. कुसूरच्या पठारावरनं, तीन दिवसांची चाल. दत्ता म्हणायचा, मी गाडीनं पोचवतो, तुम्हीही बसा. आबा म्हणायचे, "गाडीनं गेलं की ठकी इचारती, कवा निगायचं? चालत गेलं की म्हणती, दमलास, ऱ्हा चार दिस. मला त्ये चार दिस पायजेत."

आता पाच किलोत अडीच किलो तांदूळ. उरलेल्या अडीचात पिशवी, अंथरूण-पांघरूण, पाणी, औषधं, सगळं. सगळा खेळ तिथे होता. पाच भरले तर बहीण. पाचावर गेले तर दत्ताची गाडी. आबांनी मुलाला शब्दच तसा दिला होता. काट्यासमोर दिला होता.

आबा रेल्वेत होते, घाटात, कीमन. रोज सकाळी रुळांवरनं सहा-सात किलोमीटर चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या तपासायच्या, सुटलेली असली की हातोड्यानं ठोकून बसवायची. हातोडा, पाना, झेंड्या, धोक्याचे फटाके, सगळं डाव्या खांद्यावरच्या एका पट्ट्याच्या पिशवीत. बत्तीस वर्षं. त्यामुळे त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. सदरा अंगात घातला की एका बाजूनं सांडल्यासारखा दिसायचा. चालायचेही रुळांखालच्या स्लीपरच्या अंतरानं, एकसारखी आखूड पावलं, कामशेतच्या बाजारातसुद्धा. पोरं मागनं तसंच चालून दाखवायची. आबा मागे न बघता म्हणायचे, "पाऊल चुकलं रे, गाडी येतीया."

आणखी एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की तिच्यावर बोटाचं हाड वाजवायचं आणि कान द्यायचा. बक्कल, पट्टा, चहाचा कप, माझ्या मशीनचं टेबल. सुटलेली चावी वेगळी वाजते म्हणे. माझ्या टेबलाचा मागचा पाय ढिला आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी चार वर्षं त्याच टेबलावर काम करत होते.

ती मोठी बॅग कापून काही जमलं नाही. मग आबा रोजच यायला लागले. आमच्याकडे पॅराग्लायडिंगवाले फार. त्यांच्या छत्र्या ठरावीक काळानं उडायला चालत नाहीत, मग ते कापड टाकून देतात. आबांनी तसलं नारिंगी कापड कुठूनसं मिळवलं. हातात घेतलं तर कांद्याच्या सालीसारखं, ओढलं तर फाटत नाही. मी घाबरले. असल्या कापडावर सुई कधी चालवली नव्हती.

"साडी काय जाड असती व्हय?" ते म्हणाले.

माझं शिक्षण तिथनं सुरू झालं. ट्रेकवाल्या पोरांना कळलं की इथे बॅगा दुरुस्त होतात, तशी तीही यायला लागली. पट्टा तुटलेला, चेन गेलेली. आबा बसलेले असायचेच. ते पट्ट्याकडे बघायचेच नाहीत. म्हणायचे, आत काय हाय ते काढ. मग जमिनीवर तीन ढीग. पहिला, लागतंच. दुसरा, लागंल. तिसरा, असू द्यावं. तिसरा ढीग माझ्या फळीवर जायचा, आणि मालकानं ट्रेकहून परतताना न्यायचा.

एकदा हिंजवडीचा एक उंच मुलगा आला होता. ऑफिसात मोठ्या पगारावर असावा, पण आबांपुढे शाळेत उभा केल्यासारखा झाला.

"ह्ये काय?"

"खुर्ची आहे काका. घडीची. अगदी हलकी."

"तितं दगडं संपलीत व्हय?"

मुलानं खुर्ची तिसऱ्या ढिगात ठेवली.

"आन ही दुसरी जीनची पँट?"

"पहिली भिजली तर."

"आन दुसरी भिजली तर?"

मुलगा पँटची घडी घालायला लागला.

"मग तिसरी घे की. आमी काय न्हाई म्हणतो?"

असं करत करत साडेचौदा किलोची बॅग आठावर आली. जोशात येऊन त्यानं टॉर्चही तिसऱ्या ढिगात टाकली, तसे आबा खवळले. "ती उचल. हलकं म्हंजे नागडं न्हवं." टॉर्च, पावसाचा कोट, औषधं आणि दोरी ह्यांना हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. चार दिवसांनी मुलगा सामान न्यायला आला. शाम्पूची बाटली नेली, पँट नेली. खुर्ची म्हणाला काकांना राहू द्या. आबा त्या खुर्चीवर बसले, हात टेकवून पाहिले, बोटानं वाजवूनही पाहिली. मग रोज तिच्यावरच बसायला लागले. मी हसले तर म्हणाले, "दुकानात चालती. डोंगरात न्हाई."

स्वतःचे ढीगही ते तसेच करायचे. पितळी तांब्या गेला, प्लॅस्टिकची बाटली आली. घोंगडी गेली तेव्हा दोन दिवस बोलले नाहीत. फक्त अडकित्ता पहिल्या ढिगात. चांगला जड, लोखंडी. मी धीर करून म्हटलं, "आबा, कातरलेली सुपारी डबीत न्या की." ते म्हणाले, "त्यो सामानात न्हाई धरायचा. त्यो हात हाय माजा." काट्यावर मात्र त्यांनी तो इमानदारीनं टांगला.

त्यांच्यासाठी मी तीन पिशव्या शिवल्या. पहिली मोठी झाली. "मोकळी जागा दिसली की हात गप बसत न्हाई," म्हणून परत केली. दुसरी मापात होती, पण भरली की मागे लोंबायची. आबांनी माझ्याकडची एक जुनी साडी घेतली, पिशवीसकट स्वतःच्या कमरेला आवळली आणि दुकानात चालून दाखवलं. "खांद्यानं नुसतं धरायचं. वाहायचं कमरंनं." मग सदऱ्याची कॉलर सरकवून डावा खांदा दाखवला. हाडावर पट्ट्याएवढी खाच होती, तिथे केससुद्धा उगवत नव्हता. "ह्ये मला आदी कुणी सांगितलं न्हाई," म्हणाले, आणि कॉलर नीट केली.

तिसरी जमली. कमरेला रुंद पट्टा, पाठीला टेकायला झोपायचीच फोमची चटई घडी करून आत. कप्पा एकही नाही. पिशवी चारशे ग्रॅमच्या आत. तांदूळ, पाणी, अडकित्ता, सगळं भरून काटा पाचाला दोन रेघा कमी. दत्ता बघायला आला होता. बराच वेळ काट्याकडे बघून म्हणाला, "बापाचं आन ह्या बाईचं संगनमत हाय."

खांद्याच्या पट्ट्याचा जोड कसा घ्यायचा ते आबांनी नीट सांगितलं होतं. बारीक सुई, लांब टाका, दोन शिवणी, बास. मी तसंच केलं. ते रिकामी पिशवी माझ्याकडे ठेवून घरी गेले. उद्या सकाळी निघायचं होतं.

दुपारी मी एकटीच होते आणि ती पिशवी समोर. दोनच शिवणी. मला पठार दिसायला लागलं, जे मी कधी पाहिलंही नव्हतं. तिथे माणूस नाही, फोनला रेंज नाही, पट्टा तुटलाय आणि आबा छातीला हात लावून बसलेत. मी जाड सुई घातली. उजव्या पट्ट्याच्या जोडावर आणखी एक शिवण मारली. मग आणखी एक. मग आडवी. मग चौकोन, आणि चौकोनात फुली. दोरा संपून मशीन थांबलं तेव्हा जोड पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं होतं.

सकाळी आबा आले. जोडावर अंगठा फिरवला. हाड वाजवलं, कान दिला. मग माझ्याकडे बघितलं.

"लय शिवलंस."

"राहू द्या ना आबा. माझ्या जिवाला बरं वाटतं."

ते तसेच उभे राहिले. इतक्या लोकांच्या बॅगा उपसून काढणारा माणूस. मला वाटलं आता उसवायला लावतील. पण ते म्हणाले, "बरं. असू द्यावं." पिशवी पाठीला लावली, कमरेचा पट्टा आवळला आणि स्लीपरच्या अंतरानं चालत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापडाचे उरलेले तुकडे आवरत होते. एका तुकड्यावर मी आधी तसाच चौकोन शिवून बघितला होता. सहज दोन्हीकडून ओढला. दोरा तुटला नाही. दोऱ्याच्या कडेनं कापड सरळ फाटलं, चेकबुकातला चेक फाडावा तसं. सुईच्या भोकांच्या रांगा. जितक्या शिवणी, तितकी भोकं. मी दुसरा तुकडा शिवला, ओढला. तोही गेला. तिसरा दोनच शिवणींचा केला. तो काही केल्या फाटेना.

आबांचा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. दुकानात बसवेना, बाहेर उभं राहवेना. शेवटी दत्ताला फोन केला आणि जे केलं ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शटर ओढा. मी येतो."

आबांची वाट पठाराखालच्या एका वाडीजवळ गाडीरस्त्याला भेटते, हे त्याला माहीत होतं. दोन तासांचा रस्ता. मी मांडीवर सुई, दोरा आणि कापडाची पिशवी धरून बसले होते. दत्ता मधेच म्हणाला, "स्टेंट टाकलेल्या माणसाला पिशवी शिवून देनारी तुमीच पयली असाल." मी पदरानं डोळे पुसले. पुढच्या वळणावर तोच म्हणाला, "रडू नका ताई. म्हातारं चिवट हाय."

वाडीत एक बाई अंगणात नाचणी झोडत होती. विचारलं तर हात न थांबवता म्हणाली, "येक आबा हायती वरच्या पाण्याजवळ. बसल्याती कवाचं."

कवाचं, हे ऐकून दत्ता पळायलाच लागला. मी मागनं, चपला हातात घेऊन.

आबा झऱ्याजवळ दगडाला टेकून बसले होते. पिशवी मांडीवर, उजवा पट्टा जोडापासून सुटून लोंबत होता. माझा चौकोन फुलीसकट पट्ट्याला जसाच्या तसा होता. कापड तेवढं त्याच्या कडेनं गेलं होतं. सकाळपासून त्यांनी पिशवी एका खांद्यावर वाहिली होती. डाव्याच. तोंड उतरलं होतं, ओठ सुकले होते.

"आबा, चला गाडीत," दत्ता म्हणाला. "शब्द दिलाय तुमी."

"शब्द पाच किलोचा दिलाय. पाचच हाय अजून."

"दमलाय तुमी."

"दमलोय. खांद्यावर घेऊन दमलोय. कमरंवर घेऊन न्हवतो दमलो." मग माझ्याकडे वळले. "तुजी शिवण न्हाई तुटली बरं का, पोरी. कापड गेलं." आणि जरा थांबून, "सुई आणलीस का?"

मी जिथे होते तिथेच बसले. फाटक्या कडेपासून चार बोटं आत, जिथे भोक पडलेलं नाही, तिथे मागनं नवा तुकडा लावला. पट्टा त्यावर धरून हातानं शिवायला घेतलं. बारीक सुई, लांब टाका. एक शिवण झाली. दुसरी झाली. सुई आपोआप तिसरीकडे वळली.

"पुरे," आबा म्हणाले.

"आबा, नुसता एकच फेरा…"

"पुरे म्हणलं न्हवं."

दोरा तोडायला मला जेवढा वेळ लागला तेवढा दोन्ही शिवणींना लागला नसेल. दत्ता आम्हां दोघांकडे बघत होता. त्यानं आबांची नाडी धरली, कळत असो नसो. त्यांना अर्धा तास बसवलं, औषध दिलं, पाणी पाजलं. मग थोडा उंचावर चढून, रेंज मिळवून आत्याच्या मुलाला फोन लावला. तो समोरून निघणार, मुक्कामाच्या गावी आबांना गाठणार आणि उद्या सोबत चालणार, असं ठरलं. खाली येऊन दत्ता म्हणाला, "तिथवर सावकाश. बसत बसत." आबांनी मान हलवली. एवढी आज्ञाधारक मान त्यांनी डॉक्टरपुढेही हलवली नसेल.

पुढचं मला फोनवरच कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दत्ता म्हणाला, पोचले. आत्याकडे आज नवा भात शिजला, आपल्याकडेही चूल पेटवली. ठकूबाईंनी चार दिवस ठेवून घेतलं. चाराचे आठ झाले. ठकूबाईंची नजर गेल्यातच जमा, मुलगा दिवसभर कामावर. आबा तिथेच राहिले. दत्ता महिन्यातून एकदा जाऊन येतो, निरोप आणतो. मी जाईन जाईन म्हणते, अजून झालं नाही. माझ्या दुकानावर आता पिको-फॉलची पाटी नाही, बॅगांची आहे. इथे माझं जे काही आहे ते त्या माणसानं दिलेलं आहे, आणि मी त्याला दिली ती एक फाटणारी पिशवी. हे मनातून जात नाही.

मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशीच शेवटचं. पिशवी पाठीला लावून, कमरेचा पट्टा आवळून ते चढणीला लागले. दत्ता बापाच्या पायांकडे बघत होता. मी उजव्या पट्ट्याकडे. वाळलेल्या गवतात ते नारिंगी कापड लांबूनही दिसत होतं. आबा वीसेक पावलं जायचे, थांबायचे, पुन्हा निघायचे. दर वेळी थांबले की त्यांचा हात छातीकडे जातो का ते मी बघायची, आणि निघाले की पट्टा ताणला जायचा. दत्ता म्हणाला, चला, उशीर होतोय. मी म्हटलं, थांबा. वरच्या कारवीच्या झाडीपाशी वाट वळते. तिथे ते थांबले नाहीत. वळताना पाठ पूर्ण आमच्याकडे झाली. पिशवी मधोमध बसली होती, दोन्ही पट्टे सारखे, डावा खांदा तेवढा दोन बोटं खाली. मग झाडी आली.